डब्यातले डोळे

मशीनताईची एक पद्धत होती. बिघडलेल्या यंत्राला हात लावायच्या आधी ती विचारायची, शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं. लोक छातीठोकपणे सांगायचे, काहीच नाही. मग ती खुर्ची ओढून बसायची, आणि अर्ध्या तासात ते काहीच नाही सापडायचं.

फोटो स्टुडिओतली सून मात्र पहिल्या फटक्यात कबूल झाली. बारा दिवसांपूर्वी तिने अल्बम बनवायचं नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरला सुरू व्हायला सहा मिनिटं लागत होती, एक फोटो उघडायला एक मिनिट, आणि मधेच तो असा थिजायचा की माउस टेबलभर फिरवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. तेच सॉफ्टवेअर तिच्या ओळखीच्या दोन स्टुडिओंत वर्षभर विनातक्रार चाललं होतं. मग आपल्याकडेच घोडं कुठे पेंड खातंय, हे तिला कळत नव्हतं.

"टाकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं असतं," आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

"विचारलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, तुझं यंत्र आणि तू, मला मधे घेऊ नकोस."

त्यावर आतून फक्त खोकला आला.

हे सासरे म्हणजे ब्रशकाका. वय सत्तर. बेचाळीस वर्षं त्यांनी ह्याच स्टुडिओत फोटोंवर ब्रश आणि पेन्सिल चालवली होती. कोणाच्या गालावरचा व्रण काढ, कोणाच्या टकलावर केस लाव, मेलेल्या माणसाच्या टिकलीएवढ्या फोटोवरून भिंतीवर लावण्याजोगा फोटो कर. जुने मालक वारसाशिवाय गेले तेव्हा स्टुडिओ काकांकडेच आला. आता ब्रशचं काम राहिलं नव्हतं. ते आतल्या खोलीत, रंगीत पडद्यांच्या गुंडाळ्यांमागे बसून असायचे. तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागे.

ताईने घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं आणि वही उघडली. सुरू व्हायला सहा मिनिटं दहा सेकंद. लिहिलं. पेटीचं झाकण काढून पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली, पुन्हा वेळ लावली. सहा मिनिटं आठ. लिहिलं. सुरू होताना आपोआप उघडणारे चार फालतू प्रोग्राम बंद केले. पाच चाळीस. हार्ड डिस्क तपासली, ती धडधाकट निघाली. व्हायरस शोधला, नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की मोजायचं, हा तिचा नियम. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झालं तर दुरुस्ती झाली असं म्हणता येतं, पण बिघाड कळला असं म्हणता येत नाही.

ही सवय कॉम्प्युटरने लावलेली नव्हती. त्याआधी सोळा वर्षं तिने मोटर वाइंडिंग केलं होतं. जळलेल्या मोटरमधली तार उपसायची, नवी तार हाताने गुंडाळायची, वेढे मोजायचे, शेवटी वरून पळीने गरम वार्निश ओतायचं. बाहत्तर वेढे म्हणजे बाहत्तर. एकाहत्तर झाले आणि कोणी हाक मारली म्हणून विसरलं, तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. कारखान्याचं वाइंडिंग खातं बंद पडलं तेव्हा ती तीस पार करून गेली होती. बाकीचे घरी बसले. ती एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सहा महिने नुसती बघत उभी राहिली, आणि मग बसली.

त्या खात्यात ती लागली, कारण तिचे वडील तिथे वाइंडर होते. ती दीड वर्षाची असताना ते नऊ दिवसांच्या तापात गेले. तिला त्यांचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मागे राहिलं ते कारखान्याचं ओळखपत्र. त्यावरच्या फोटोत फ्लॅश पडला त्याच क्षणी त्यांनी डोळे मिटलेले. तीन वर्षांनी आईने ते ओळखपत्र ह्याच स्टुडिओत आणून दिलं आणि मोठा फोटो करून घेतला. मोठ्या फोटोत अंगात कोट होता, जो वडिलांनी जन्मात घातला नव्हता, आणि डोळे उघडे होते. कोट ब्रशने रंगवलेला आहे हे ताईला लहानपणीच सांगितलं गेलं होतं. डोळ्यांचं कोणी काही बोललं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. आई म्हणायची, नाक माझं, हट्ट आजीचा, डोळे मात्र बापाचे. मग ताई आरशात बघायची, फोटोत बघायची. बाप म्हणून तिच्याकडे जे काही होतं ते तेवढंच होतं, ती नजर.

तर दुपारी दोनच्या सुमाराला तिने नवं सॉफ्टवेअरच उघडलं. सून काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलत होती. कोणी कळफलकाला हात लावलेला नव्हता, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत होता आणि पेटीतून बारीक कुरकुर येत होती, लाकडात भुंगा लागल्यासारखी. एका खिडकीत ओळ सरकत होती: चेहरे ओळखत आहे.

सॉफ्टवेअरमध्ये माणसं ओळखायची सोय होती. डिस्कवरचे सगळे फोटो आपणहून चाळायचे, एकाच माणसाचे फोटो एका ढिगात घालायचे, म्हणजे लग्नाचा अल्बम करताना नवरीचे सगळे फोटो एका जागी मिळतात. पण ह्या डिस्कवर नुसती लग्नं नव्हती. सुनेने चार वर्षं खपून स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन केल्या होत्या. एक लाख तीस हजार फोटो. ताईला वाटलं, झालं, हेच. एवढा ढीग चाळतोय, थकणारच. तरी हिशेब बसेना. बारा दिवसांत एवढे फोटो दोनदा चाळून झाले असते. हा मात्र पुढे जायचा, सत्तर टक्क्यांवर यायचा आणि मागे जाऊन पुन्हा साठपासून सुरू करायचा. तिच्या डोळ्यांदेखत तीनदा झालं. जाम झालेली मोटर अशीच असते. फिरत नाही, पण करंट ओढत राहते, आणि तापत जाते.

कुठे जाम होतोय ते बघायला तिने ढिगांची यादी काढली. बहुतेक ढिगांत दहा-वीस फोटो. एका ढिगावर आकडा होता तीनशे शहाऐंशी. खाली लिहिलं होतं, अनोळखी व्यक्ती, नाव लिहा.

तिने तो ढीग उघडला.

फोटो हळूहळू उमटत गेले, एकेक ओळ. पांढऱ्या मिशांचा म्हातारा. अंबाडा घातलेली बाई. गणवेशातला पोलीस. विशीतली मुलगी. चष्म्यातला मास्तर. जाडजूड शेठ. एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. हनुवट्या वेगळ्या, ओठ वेगळे, केस वेगळे. पण ती जसजशी खाली जात गेली तसतशी तिच्या मानेवर कोणी गार हात ठेवल्यासारखं झालं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि एकाच तऱ्हेने बघत होते. जणू एकच माणूस तीनशे शहाऐंशी मुखवट्यांच्या मागे उभा राहून भोकांतून बघतोय.

तिने आकड्याकडे पाहिलं. तीनशे एक्याण्णव झाले होते.

विसाव्या ओळीत कोट घातलेला एक तरुण होता. तिच्या घरच्या भिंतीवरचा.

ताई घाबरट नव्हती. उघड्या तारांशी आयुष्य काढलेली बाई. पण तिने माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला आणि थोडा वेळ तो तसाच ठेवला. मग आतल्या खोलीकडे वळून काकांना हाक मारली.

काका आले, चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. ढिगाचं कोडं त्यांना क्षणभरही पडलं नाही. ते अगदी हळू म्हणाले, "एवढे झाले होय."

मग त्यांनी सांगितलं. लोक मेलेल्या माणसाचा जो फोटो आणायचे तो बहुधा असाच असायचा. डोळे मिटलेले, हललेले, किंवा फोटोच आजारपणातला, नाहीतर त्याच्याही नंतर काढलेला. तसा फोटो भिंतीवर कोण लावणार? म्हणून जुन्या मालकांनी एक युक्ती केली होती. त्यांच्याकडे एका निगेटिव्हमधून कापलेली डोळ्यांची पट्टी होती. बोटाएवढी फिल्म, त्यात फक्त दोन डोळे आणि भुवया. उजेड इतका सारखा पडलेला, नजर इतकी सरळ आणि शांत, की ती कुठल्याही चेहऱ्यात बसायची. अंधाऱ्या खोलीत चेहरा छापायचा, डोळ्यांची जागा झाकून ठेवायची, त्या जागी ही पट्टी छापायची, आणि सांधा ब्रशने बुजवायचा. बाईमाणूस असेल तर भुवई बारीक करायची, म्हातारा असेल तर पांढरी. त्या नव्या फोटोचा पुन्हा फोटो काढला की कोणाच्या बापाला कळायचं नाही.

कोणाच्या बापाला, असं बोलून गेल्यावर काका थांबले.

"एकानेही कधी तक्रार केली नाही," ते म्हणाले. "उलट हातात घेतल्या घेतल्या म्हणायचे, अगदी तस्सेच बघतायत. मी म्हणायचो, हो ना."

ताईने पडद्यावरच्या कोटवाल्या तरुणावर बोट ठेवलं. "हा?"

काकांनी वाकून पाहिलं. "हा माझ्या हातचा पहिलाच. मी नुकताच लागलो होतो. एक बाई ओळखपत्र घेऊन आली होती. कडेवर पोर होतं."

"ते पोर मी."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पेटीतली कुरकुर तेवढी चालू होती. तीनशे पंचाण्णव.

आता यंत्राच्या बिघाडाचं कारण सांगायला हरकत नव्हती, आणि ताईने ते सांगितलं, कारण कामाच्या बाबतीत बोलणं तिला सोपं जायचं. प्रोग्राम डोळे बघून माणसांना एका ढिगात घालतो. मग हनुवट्या बघतो, जुळत नाहीत, ढीग मोडतो. पुन्हा डोळे बघतो, पुन्हा ढीग करतो. दरवेळी ढीग मोठा होतो आणि दरवेळी सगळ्यांची सगळ्यांशी तुलना पहिल्यापासून. बाकीच्या स्टुडिओंत असं होत नाही, कारण तिथे ही पट्टी नाही. ओळखायची सोय बंद केली की कॉम्प्युटर पूर्वीसारखा पळेल. दोन मिनिटांचं काम.

"मग कर ना बंद," काउंटरवरून सून म्हणाली.

ताईने केलं नाही. ती ढिगाच्या शेवटाकडे गेली होती. तिथे प्रोग्रामला खात्री नव्हती ते फोटो वेगळे ठेवले होते, प्रत्येकाखाली प्रश्न: हीच व्यक्ती आहे का? त्यांत एक बाहुली होती, एक दुकानातला पुतळा होता. आणि गेल्या वर्षी सुनेने पासपोर्टसाठी काढलेला तिचा स्वतःचा फोटो होता. त्याला कोणाचा ब्रश लागलेला नव्हता, पट्टी तर नव्हतीच.

बाहुलीलाही माणूस समजणारं यंत्र. त्याच्या म्हणण्यावर ताईने एका स्क्रूइतकाही भरवसा ठेवला नसता. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला. पट्टी कोणाची, असं तिने काकांना विचारलं.

ते कोणालाच माहीत नव्हतं. मालकांचा दंडक होता, वर्षभरात कोणी फोटो न्यायला आलं नाही तर निगेटिव्ह कापून कामाला लावायची. नावं ते लिहीत नसत, नुसता नंबर. काका लागले तेव्हा पट्टी डब्यात होती, आणि तेव्हा ती नवी होती, फार तर दोन-अडीच वर्षांची. कोणीतरी फोटो काढून गेला आणि न्यायला आला नाही, एवढंच.

ताईने मनात वेढे मोजावेत तशी वर्षं मोजली. हिशेब बसत होता. पण वर्षं बसणं म्हणजे काही नाही. त्या वर्षी फोटो न नेलेली पन्नास माणसं असतील.

काका पट्टीचा डबा आणायला उठले तर तिने त्यांना थांबवलं.

"आज नको, काका. आधी बघितलं तर मग मी आईला विचारताना तिच्या तोंडात शब्द घालीन. तिला आधी विचारते. उद्या येते." मग काहीतरी आठवून तिने विचारलं, "पट्टीवर कधी पेन्सिल चालवलीय?"

"पट्टीला हात लावायचा नाही. भुवई भरायची, पांढरी करायची, जे काही करायचं ते छापल्यावर. मालक असेपर्यंत नाही आणि नंतरही नाही."

ती उठली. प्रोग्राम बंद न करताच निघाली तेव्हा सुनेने कॉम्प्युटरवर जुना पडदा टाकला. आकडा दिसू नये म्हणून, ती म्हणाली.

घरी आई भाजी निवडत होती. तिच्या डोक्यावर, नेहमीच्या जागी, कोटवाला तरुण. ताईने त्या बाजूला बघायचं टाळलं आणि आपण टाळतोय हे तिला जाणवलं. आजवर त्या नजरेखाली ती जेवली होती, भांडली होती, एकदा रडली होती. ती नजर कोणा भलत्याचीच असेल तर ती इतकी वर्षं कोणासमोर रडली?

आईला फोटो दाखवून हे डोळे कोणाचे असं विचारण्यात अर्थ नव्हता. चाळीस वर्षं रोज बघून आईच्या आठवणीतला माणूस कधीच फोटोतल्या माणसासारखा झालेला असणार. म्हणून तिने फोटोचं नाव काढलं नाही. सहज विचारावं तसं विचारलं, बाबांच्या चेहऱ्यावर काही खूण होती का, व्रण वगैरे.

आईने मान वर केली नाही. "भुवईत होती की. वार्निश उडालं होतं उकळतं. लग्नानंतर लगेच. तिथे पुन्हा केस आले नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढी फट."

"कुठल्या भुवईत?"

"डाव्या. डावखुरा होता ना तो, पळी डाव्या हातात. त्याच अंगाला उडालं. फोटोत नाही ती. त्या ब्रशवाल्याला मी सांगायचं विसरले. एवढं रडत होते मी." मग तिने मान वर केली. "आज काय एकदम?"

ताई म्हणाली, कामाचं आहे. आई म्हणाली, तुझी कामं तुलाच ठाऊक, आणि देठं वेगळी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताई स्टुडिओत हजर होती. ढिगावर आकडा चारशे बारा होता. रात्रभर चालून यंत्र इतकं तापलं होतं की पेटीवर हात ठेववत नव्हता.

काकांनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. आत काळा कागद, त्यात मऊ कापड, त्यात पट्टी. त्यांनी ती चिमट्याने उचलून तिच्या हातात दिली आणि मागे दिवा लावलेल्या दुधी काचेकडे बोट दाखवलं. ताईने पट्टी काचेवर धरली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं. काळे केस पांढरे दिसतात, उजळ कातडी काळी. काळ्या फिल्ममधून दोन पांढरी बुबुळं तिच्याकडे बघत होती. भिंग लावल्यावर ती बशीएवढी झाली. भुवया पांढऱ्या रेघांसारख्या होत्या, केस न् केस मोजता येईल अशा. एक अखंड होती. दुसरीत मधेच काळी फट होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

मग तिने बाजू पाहिली. समोरच्या माणसाचं डावं अंग आपल्या उजव्या हाताला येतं. फट तिच्या डाव्या हाताला होती. म्हणजे त्या माणसाची उजवी भुवई.

तिने भिंग खाली ठेवलं. आई म्हणाली होती डावी. डावखुरा, पळी डाव्या हातात. आईने कारणासकट सांगितलं होतं, चुकायची शक्यता नव्हती. वार्निशने काय एकाच माणसाची भुवई जाळली असेल? वाइंडिंगवाले निम्मे लोक भाजलेले असतात. एका वेढ्याने चुकलं तरी चुकलंच. तिने पट्टी काकांपुढे धरली आणि म्हणाली, "नाही. दुसऱ्या बाजूला आहे."

काकांनी पट्टी घेतली, उजेडात तिरकी करून बघितली, आणि म्हणाले, "उलटी धरलीस, पोरी. ही बाजू खरबरीत आहे, फोटो उमटतो त्या मसाल्याची. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवायची असते, नाहीतर माणूस आरशातल्यासारखा दिसतो." त्यांनी चिमट्याने पट्टी पलटून काचेवर ठेवली.

फट उजव्या हाताला आली.

ताईने पुन्हा भिंग लावलं. फिल्मवरचा ओरखडा तर नाही ना, हे बघितलं. ओरखड्याची कड सरळ असते. इथे कडेचे केस आखूड होत होत संपले होते, जळल्या जागेभोवती संपतात तसे. तिने काकांना पट्टी तीनदा पलटायला लावली, चकचकीत कुठली ते स्वतःच्या नखाने तपासलं. तिन्ही वेळा तेच. मग तिने भिंग काढलं आणि नुसतं बघितलं.

म्हणजे बाप इथे फोटो काढून घ्यायला आला होता. ह्याच खोलीत, ह्याच पडद्यांपैकी एखाद्यासमोर स्टुलावर बसला होता, आणि फोटो न्यायला आला नाही, कारण तोवर तो उरला नव्हता. मालकांनी वर्षभर वाट पाहून त्याचे डोळे कापून डब्यात ठेवले. त्याची बायको मिटल्या डोळ्यांचा फोटो घेऊन आली तेव्हा एका नवशिक्या कारागिराने, काही माहीत नसताना, त्याचेच डोळे त्याला परत लावले. आणि मग पुढे कित्येक वर्षं ते सगळ्यांनाच लावत राहिला.

काका भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. "मला वाटायचं हा माझ्याकडे बघतो," ते म्हणाले. "अंधाऱ्या खोलीत एकटा असलो की. मी कोणाला सांगितलं नाही. येडा ठरवलं असतं."

"आता पण ठरवू," सून दारातून म्हणाली, पण आत आली नाही.

ताई कॉम्प्युटरसमोर बसली. ढिगाखाली चौकट अजून रिकामी होती, नाव लिहा. तिने वडिलांचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. पडदा क्षणभर थिजला. मग एकापाठोपाठ एक ते नाव उमटत गेलं, मिशांच्या म्हाताऱ्याखाली, अंबाडावालीखाली, पोलिसाखाली, मुलीखाली. चारशे बारा जणांखाली एकच नाव. पेटीतली कुरकुर थांबली. बारा दिवसांत पहिल्यांदा डिस्कचा दिवा विझला. प्रोग्रामला हवं ते मिळालं होतं, तो पुढे निघून गेला.



पण दुसऱ्यांच्या माणसांवर आपल्या बापाचं नाव ठेवून जाणं हे कामात बसत नव्हतं. उद्या कोणी आजीचा फोटो पुन्हा छापून मागेल तर? ताईने नाव काढून टाकलं, ओळखायची सोय बंद केली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि घड्याळ बघितलं. एक मिनिट पाच सेकंद. वहीत लिहिलं. खाली कारण लिहिलं, कारण बिघाड आणि कारण दोन्ही लिहायची तिची पद्धत होती. ते तिने एका ओळीत लिहिलं, आणि कोणाला दाखवलं नाही.

निघताना काकांनी डबा पुढे केला. तुझा आहे, घेऊन जा, म्हणाले. तिने घेतला.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या मिनिटापासून. शेवटी ताई म्हणाली, "तर डोळे त्यांचेच आहेत."

"मग कोणाचे असणार?" आई म्हणाली. मग फोटोकडे बघून, "नवा शर्ट घालून गेला होता एका रविवारी. कुठे जाताय विचारलं तर नुसता हसला. मी उगाच काहीबाही धरून बसले होते मनात. इतकी वर्षं."

तिने पदराने नाक पुसलं. किती घरांत म्हणालीस, असं विचारलं. ताईने आकडा सांगितला.

"जिवंत असताना पाहुण्यांकडे चला म्हटलं तर पाय धरायची पाळी यायची. आता बघ." आई हसली, पण हसताना तिने हात चोळले, थंडी वाजल्यासारखे.

पुढच्या आठवड्यात ताई एका अनोळखी घरी गेली. इंटरनेटची पेटी सारखी बंद पडत होती. घरातल्या बाईने तिला बैठकीच्या खोलीत सोडलं आणि ती आत गेली. दुपारची वेळ, पंखा चालू, रस्त्यावर कोणी नाही. ताईने पेटी उतरवली, आतला सैल जोड सापडला, तो घट्ट केला. झाकण बसवताना चौथा स्क्रू तिरका गेला. आत गेला होता, झाकण हलत नव्हतं, कोणाला कधी कळलं नसतं. ती तसाच ठेवून उठणार होती.

तेव्हा तिला जाणवलं की खोलीत कोणीतरी आहे.

तिने मान वळवली. सोफ्याच्या वर एका म्हातारीचा फोटो होता, पातळ ओठ, खोल गेलेले गाल, पांढरे केस मागे बांधलेले. आणि ती तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. वाट बघत असल्यासारखी.

ताई पुन्हा खाली बसली. तिने स्क्रू सोडवला, सरळ धरला, आणि पहिल्यापासून घातला.